भाच्यांसाठी वेगळा तक्ता

मनिषा घरतला काळजी करायला कारण लागत नसे. मुलगा कॉलेजातून लवकर आला तर तिला वाटे, तास बुडवलेत; उशिरा आला तर वाटे, पडलाय कुठेतरी. आणि अगदी वेळेवर आला तर हा आज इतका शहाण्यासारखा का वागतोय, या विचाराने तिचा जीव खालीवर होई. नवीन पनवेलच्या त्यांच्या इमारतीतल्या बायका तिला हवामान खातं म्हणायच्या. म्हणायच्या, "मनिषाने अजून काही सांगितलं नाही, म्हणजे आज पापड वाळत घालायला हरकत नाही."

पण याच स्वभावावर तिचं काम चालत होतं. मनिषा लोकांना डेटाबेस करून द्यायची. एखाद्याच्या धंद्यातली माहिती संगणकात कशी मांडायची, कोणत्या तक्त्यात काय ठेवायचं आणि कोणता तक्ता कशाला जोडायचा, हे ठरवायचं तिचं काम. बी.एस्सी. झाल्यावर ती द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात लागली होती. प्रणित झाला तेव्हा ती नोकरी सुटली. तो शाळेत रुळल्यावर मात्र तिने घरच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि लहानसहान कामं घ्यायला सुरुवात केली.

गिऱ्हाइकासमोर बसली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्हाला विचारायला कोण येणार, आणि काय विचारणार?" त्यानंतर "असं झालं तर?", "आणि तसं झालं तर?" अशी झड लागायची. दातांच्या एक डॉक्टरीणबाई तर पहिल्या दिवशी घाबरल्याच होत्या. पण मनिषाने त्यांना जे करून दिलं त्यात पेशंटचा फोन नंबर बदलता यायचा, काढलेली दाढ मात्र कुणालाही पुसता यायची नाही. चूक झाली असेल तर खाली नवी ओळ लिहायची, जुनी तशीच राहू द्यायची. "दाढ परत उगवत नाही ना," ती म्हणाली होती.

मंडप आणि भांडी भाड्याने देणाऱ्या एकाला आपल्या प्रत्येक खुर्चीला नंबर हवा होता. कुठल्याशा मोठ्या गोदामात त्याने तसं पाहिलं होतं. मनिषाने त्याला विचारलं, "लग्नात येऊन कुणी म्हणतं का, मला अमुक नंबरचीच खुर्ची पाहिजे?" तो हसला. त्याला लोक विचारायचे ते एवढंच, की त्या तारखेला खुर्च्या शिल्लक आहेत का. मग तिने तारीख आणि भांड्याचा प्रकार धरून तक्ता मांडला, आणि एकेका खुर्चीचं बारसं करायचं राहून गेलं. यार्डातली गोष्ट निराळी. तिथे कंटेनरचे सगळे डबे दिसायला सारखेच, पण ट्रकवाला येतो तो त्याच एका डब्यासाठी. तिथे नंबराशिवाय पान हलत नाही.

इतकी सावध बाई, पण क्रिकेटने तिला धडा शिकवला.

गव्हाण हे मनिषाचं माहेर. त्या बाजूच्या गावांत टेनिस बॉलची स्पर्धा म्हणजे काय असते, हे तिकडच्यांनाच माहीत. मैदानाला दिवे, खुर्च्यांवर पुढारी, लाउडस्पीकरवर समालोचन आणि नियम एकच, एक गाव एक संघ. पण गेल्या वर्षी एका संघाने गावकरी म्हणून असा बॉलर उतरवला, की बक्षीस घेताना त्याला आपल्या 'गावाचं' नावच सांगता येईना. मोठा राडा झाला. म्हणून यंदा समितीचे अध्यक्ष काशिराम शेठ स्वतः मनिषाच्या दारात आले.

"मनीताय, तू गव्हानची लेक. असा कायतरी बनव, का बाहेरचा पोर आत शिरलाच नाय पायजे."

मनिषाला काम आवडलं. तिने यार्डाचाच साचा डोळ्यांसमोर ठेवला. एक डबा, एक जागा. तसा एक खेळाडू, एक गाव. प्रत्येकाच्या ओळीत गावाचा एक रकाना केला. ओळखपत्रावरचा पत्ता त्या गावाशी जुळला तर ओळ हिरवी, नाही जुळला तर लाल. कुणी कितीही गोड बोलो, लाल ती लालच. काशिराम शेठांनी आपलंच नाव घालून पाहिलं, ते हिरवं आलं, आणि ते खूश होऊन गेले.

नावनोंदणी सुरू झाल्यावर एका दुपारी मनिषा वाल सोलत बसली होती. तेवढ्यात भावाचा, मिथुनचा फोन आला. मिथुन गव्हाणच्या संघाचा कप्तान होता, आणि फोनवरही मैदानावरच्याच आवाजात बोलायचा.

"ताय, तुझ्या तक्त्यानी माझा भाचा बाद केला!"

"कुठला भाचा?"

"कुठला म्हंजे? मला बहीन एक, तिला पोर एक!"

मनिषाच्या हातातला वाल टुणकन उडून फ्रिजखाली गेला. प्रणित? तो तर रविवारी आजीकडे जेवायला जातो. गेल्या वर्षी बॉल लागून त्याचं बोट भोपळ्यासारखं सुजलं होतं, तेव्हापासून घरात क्रिकेट हा शब्दच बंद होता.

"तो आईकडे जेवायला येतो ना रे?"

"जेवतो ना! खेलून झाल्यावर दोन ताटं जेवतो. पोर काय मारतो ताय, नुसता बघत रावा. आनि तुझी मशिन बोलते, गव्हानचा नाय. रविवारी मॅच हाय. काय करू मी?"

मनिषाने "बघते" म्हणून फोन ठेवला. मुलगा खोटं बोलला म्हणून रागवावं, की आपल्या तक्त्याने त्यालाच अडवलं म्हणून खजील व्हावं, हे तिला ठरवता येईना. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायची तिला लाज वाटत होती. तिला हायसं वाटलं होतं. पोराचे दात, डोळे, बोटं सगळं शाबूत राहणार, आणि नाही म्हणायचं पाप आपल्या माथी नाही. मशीन म्हणाली ना.

संध्याकाळी प्रणित आला तो सगळं कळल्याच्या चेहऱ्यानेच. चपला काढून सरळ तिच्यासमोर बसला.

"सांगणार होतो."

"कधी? हातपाय मोडल्यावर?"

"आई, ओरड नंतर. आधी सांग, मी खेळायचं कुठून? माझ्या कार्डावर नवीन पनवेल. ते तुझ्या यादीत गावच नाही. बाबांचं गाव होतं, ते विमानतळात गेलं. आता काय धावपट्टीवर संघ उतरवू?"

प्रणितचे बाबा पेपरमागून खुदकन हसले, पण पेपर खाली आला नाही. त्यांचं घर, वडाचा पार, खेळायचं मैदान, सगळं त्या सपाट जमिनीखाली गेलं होतं. माणसं नव्या वसाहतींत पांगली होती आणि संघ कधीच मोडला होता. ते त्याबद्दल बोलत नसत.

"एक शब्द बदल ना," प्रणित हळूच म्हणाला. "पासवर्ड तुझ्याकडेच आहे. माझ्या ओळीत गव्हाण टाक. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"म्हणजे तू बदलणार नाहीस."

"तुझ्यासाठी एकट्यासाठी नाही."

"तुला मी खेळायलाच नकोय," तो उठत म्हणाला. "तेवढं तरी खरं बोल."

ते खरं होतं. तिने वालाला फोडणी दिली, मीठ दोनदा घातलं, आणि गॅस मंद करून लॅपटॉप उघडला. लाल ओळी एकाखाली एक मांडून घेतल्या. तिची अपेक्षा होती, की यात कुठली कुठली परकी नावं असतील, गेल्या वर्षीसारखी. एक-दोन तशी होतीही. पण बाकीची आडनावं सगळी इकडचीच, म्हात्रे, ठाकूर, कोळी, पाटील. तिने आईला, रंभाबाईंना, फोन लावला आणि नावं वाचत गेली. त्यांना पोरं नावाने माहीत नव्हती, त्यांच्या आया माहीत होत्या.

"गणू? आगं, तो आपल्या भामाचा. भामाचा माहेर खाडीपलीकडं, मामा लोकांनी बोलावला असंल खेलायला. पुढचा वाच. तो? तो गुणाबाईच्या लेकीचा पोर. पुढं?"

यादी संपली तेव्हा मनिषाने लाल ओळी पुन्हा वरून खाली पाहिल्या. तिच्या तक्त्याने एक काम अगदी चोख केलं होतं. ज्यांच्या आया लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, ती पोरं त्याने वेचून वेचून बाहेर काढली होती.

"आई, भाच्याने मामाच्या गावातून खेळलेलं चालतं का गं?"

"नाय चालायला काय झाला?" रंभाबाई भडकल्याच. "मामा आल्याबिगर नवरा हलदीला बसतो काय? जत्रेला भाचा आला तं पालखीला खांदा देतो का नाय? भाचा गावाचा नाय तं कुनाचा? ह्ये काय विचारना झाला!"

विचारणं झालं नव्हतं, हीच तर गंमत होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंना शंभर प्रश्न विचारणाऱ्या मनिषाने इथे एकही विचारला नव्हता, कारण इथलं सगळं आपल्याला माहीतच आहे असं तिने धरलं होतं. आणि काशिराम शेठांनीही सांगितलं नव्हतं. खाडीचं पाणी खारट असतं, हे खाडीकाठचा माणूस कुणाला सांगत बसतो? डबा आत्ता कुठे उभा आहे एवढं कळलं की यार्डाचं भागतं. पोरगा कुठे राहतो, एवढ्यावर मात्र गावाचं भागत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन मैदानावर गेली. मांडवाखाली समिती बसली होती, चहा चालला होता. मिथुनही येऊन उभा राहिला. मनिषाने आधीच सांगून टाकलं.

"लाल यादीत माझा मुलगा आहे. त्याच्या ओळीला मी हात लावलेला नाही. पण त्या यादीत बहुतेक सगळे भाचेच आहेत. त्यांना घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर माझाही नाही खेळणार."

"पोरासाठी कायदा बदलाय आली ताय," मागून कुणीतरी टोमणा मारला.

"पोरासाठी म्हणाल तर मी त्याला कॅरम आणून देईन," मनिषा म्हणाली. मांडवात हशा पिकला.

काशिराम शेठ मात्र हसले नाहीत. "भाचे घेतले का मेलो आपुन. उद्या हरियानाचा बॉलर आनतील आनि सांगतील, ह्यो आमचा भाचा. कुनाकुनाला बघायचा?"

"हरियाणात कुणाची बहीण दिलीय, ते सांगावं लागेल ना त्यांना," मनिषा म्हणाली. रात्रभर घोळवलेलं सगळं आता तिच्या तोंडात तयार होतं. "माझी चूक अशी झाली, की मी गाव खेळाडूच्या ओळीतच कोंबलं, एकच रकाना. आता गावांचा तक्ता वेगळा करते. त्यात एका पोराच्या हव्या तितक्या ओळी. एक बापाच्या गावाची, एक आईच्या माहेराची. दोन्ही खरी, म्हणून दोन्ही राहतील. पण भाच्याच्या ओळीत आईचं नाव, तिचं माहेर आणि त्या गावातला एक साक्षीदार भरल्याशिवाय ती ओळ पुरीच होणार नाही. साक्ष खोटी निघाली तर अख्खा संघ बाद."

"आनि आज बापाकडून खेलला, उद्या मामाकडून?"

"ते दुसऱ्या तक्त्यात अडवते. या स्पर्धेचा तक्ता निराळा. त्यात एका पोराला एकच ओळ. एकदा गाव निवडलं की स्पर्धा संपेपर्यंत तेच. दुसरी ओळ तो घेणारच नाही, मी सांगितलं तरी."

काशिराम शेठांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे पोर दोन गावांचा, पन खेलनार एकाकडून."

"हो. तेवढंच."

"जावय चालंल का?" मघाचाच टोमणेवाला ओरडला. त्याच्या सासुरवाडीचा संघ जोरात होता.

"जावय पाहुना," काशिराम शेठ म्हणाले. "त्यानी खुर्चीत बसावा आनि आइस्क्रीम खावा."

"रुसंल ना मंग!"

"तो तसापन रुसतो."

समितीने माना डोलावल्या. भाचे आत, जावई खुर्चीत. मिथुनने आनंदाने बहिणीला जवळजवळ उचललंच. तेवढ्यात काशिराम शेठ मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "मिथुन, नाचतो कशाला? तुझा बॉलर गणू कुनाचा भाचा हाय?"

मिथुनचा चेहरा उतरला. गणू गव्हाणचाच राहणारा. त्याला मामाच्या गावाने बोलावलं होतं, पण तिथे त्याची ओळ लाल झाली, म्हणून तो मुकाट गव्हाणकडून खेळणार होता. आता दार उघडं झालं.

"ताय," मिथुन कळवळून म्हणाला, "त्याच्यासाठी कायतरी 'असा झाला तर' काढ ना."

"नाही निघत," मनिषा म्हणाली.

दुपारभर बसून तिने नवे तक्ते जोडले. प्रणितला तिने पुन्हा सगळा फॉर्म भरायला लावला. त्याने आईचं नाव लिहिलं, मनिषा, माहेर, गव्हाण. साक्षीदार म्हणून मिथुन पुढे झाला, तर रंभाबाईंनी त्याला कोपराने बाजूला सारलं. "लेक माझी, साक्ष पन माझीच." प्रणितची ओळ हिरवी झाली. त्याने आईकडे पाहिलं, आणि आईने त्याच्या हातात बोटांना गुंडाळायची पट्टी ठेवली. "माझ्या मनात अजूनही नाहीच," ती म्हणाली. "पण म्हणून तू गव्हाणचा नाहीस, असं मी नाही लिहू शकत."

रविवारी मैदानावर एक नवलच घडलं. समालोचकाच्या पडद्यावर भाच्यांच्या ओळीत त्यांच्या आयांची नावं दिसत होती, आणि समोर दिसेल ते वाचायची त्याला सवय. "आता येतोय गव्हानचा भाचा, मनिषातायचा प्रणित!" तो लाउडस्पीकरवर ओरडला. आपलं नाव असं आकाशातून आलेलं ऐकून मनिषाने पदर सावरला. आजवर त्या स्पीकरवरून बायकांची नावं यायची ती फक्त हरवलेल्या पोरांना आईकडे पोचवताना. ही बातमी घरोघर गेली असावी, कारण दोन ओव्हर होईतो बायकांच्या बाजूला जागा उरली नाही.

तिच्या शेजारी भामा येऊन बसली. भामा गव्हाणची सून, मनिषाची वहिनी लागायची; पण आज समोरचा संघ तिच्या माहेरचा होता आणि बॉलर तिचा गणू.

"मनीताय, तुझ्या पोराला सांग, जरा बाजूला होऊन खेल. आमचा लय जोरान टाकतो."

"भामावहिनी, तुम्हीच त्याला सांगा ना हळू टाक म्हणून."

"सकाली सांगला, जेवताना सांगला. आयकतो कुठं! कुनाला लागला म्हंजे काय तोंड दाखवू, म्हनून रातभर डोला नाय लागला माझा."

मनिषाने तिच्याकडे वळून नीट पाहिलं. मार लागेल म्हणून घाबरणारी ती एकटीच होती, असं तिला आजवर वाटत होतं. मार देणाऱ्याचीही आई असते आणि तीही जागी राहते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघी सरकून जवळ बसल्या.

गणू धावत आला. पहिला बॉल प्रणितच्या मांडीवर बसला, आणि दोघी एकदमच "आई गं!" म्हणाल्या. दुसरा प्रणितने असा भिरकावला, की तो रस्त्यापलीकडे उभ्या टेम्पोच्या टपावर जाऊन नाचला. मनिषा उठून टाळ्या पिटत होती, हे तिला भामाने हाताला धरून खाली बसवल्यावर कळलं. आणखी एक-दोन चांगले बसले. मग गणूने एक पायाशी टाकला आणि मधली दांडी उडाली.

"गव्हानचा पानी पिऊन गव्हानलाच बोल्ड!" मिथुन सीमारेषेवरून बोंबलला. "ताय, ह्याला आत कुनी घेतला?"

"मीच घेतला!" मनिषाने तेवढ्याच जोरात उत्तर दिलं. माहेरचा आवाज तिच्या गळ्यात अजून होता.

गव्हाण थोडक्यात हरलं. मॅच संपल्यावर गणू आणि प्रणित एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मांडव सोडून सरळ आयांकडेच आले. भामाने पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. "पाया पड आत्याच्या. किती जोरान टाकलास!"

"हलूच टाकला होता, आत्या," गणू वाकत म्हणाला.

मनिषा प्रणितची मांडी चाचपत होती. "लागलं का? खरं सांग."

"आई, मी आउट झालो. संघ हरला. आधी ते विचार ना कुणीतरी."

"तू रडत नाहीयेस, म्हणजे ते बरं आहे," ती म्हणाली. "लंगडतोयस, म्हणून हे विचारतेय."

प्रणित हसायला लागला. मनिषाने पर्समधून मलमाची डबी काढली. भामाने पदराच्या गाठीतून तशीच डबी आधीच काढून, झाकण उघडून हातात धरली होती.